बारा नांगरांची नोटीस

मुलांनो,

रंगूनहून आलेले तुमचे पत्र मी तीनदा वाचले. दादाची सरकारी नोकरीत निवड झाली, वसुलीच्या कामाबरोबर त्याला मॅजिस्ट्रेटचे अधिकारही मिळणार, हे वाचून मला आनंद झाला असे मी लिहिले असते. पण ताईने खाली दोन ओळींत विचारले आहे, "आजी, एकाच माणसाने हुकूमही द्यायचा आणि न्यायही करायचा, हे जमते कसे?" त्याचे उत्तर दोन ओळींत मावणारे नाही. माझा उजवा डोळा गेल्यातच जमा आहे आणि डाव्यात मोतीबिंदू उतरला आहे. दिवाळीनंतर डॉक्टर तो काढणार आहेत. त्यानंतर लिहिता येईल की नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच लिहिते.

माझे वडील कल्याणात तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीच्या मागच्या आवारात आम्हाला दोन खोल्या आणि पडवी मिळाली होती. मामलेदार बसत त्या दालनाची मागची खिडकी आमच्या पडवीसमोरच उघडे, त्यामुळे तिथले बोलणे मला घरबसल्या ऐकू येई. मी बारा वर्षांची होते. सहाव्या वर्षापासून वडील मला इंग्रजी शिकवत, तेही छापील सरकारी परिपत्रकांवरून. दुसरी पुस्तके घरात फारशी नव्हतीच. आत्या येई तेव्हा म्हणे, "मुलीला काय कलेक्टर करायचंय का? लग्नाचं बघा." वडील हसत आणि पुढचे परिपत्रक काढत.

कचेरीचे काम असे चाले. सकाळी मामलेदार सारा, जमिनी, बांध, रस्ते, गावचे पाटील यांचे काम पाहत. दुपारी जेवून आले की तेच त्याच खुर्चीत मॅजिस्ट्रेट म्हणून बसत. दाराशी उभा राहणारा म्हातारा पट्टेवाला म्हणे, "पगडी तीच, खुर्ची तीच. मी मात्र दोनदा पुकारा करायचा." मामलेदारांच्या निकालावरचे अपील ठाण्याला जिल्ह्याच्या साहेबांकडे जाई. ते साहेबही तसेच, सकाळी कलेक्टर आणि दुपारी जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट. ज्यांना कोणी मामलेदार करत नाही आणि कलेक्टरही करत नाही असे निव्वळ न्यायाधीश पाहायचे तर त्यापुढे जावे लागे. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ते मुंबईच्या हायकोर्टात बसत.

आमचे तेव्हाचे मामलेदार वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. मुक्कामाला गेले तर गावकऱ्यांकडून दुधाचा पेलाही घेत नसत. कागद वाचल्याशिवाय सही करत नसत. त्यांच्या जागी लबाड माणूस असता तर ही गोष्ट मी तुम्हाला लिहिली नसती. मग दोष त्याच्यावर टाकून मोकळे होता आले असते.

डोंबिवली तेव्हा खेडे होते. तिच्या खालच्या अंगाला खाडीकाठी एक आगरी गाव होते. गावाची भाताची खाचरे खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होती आणि मध्ये मातीचा लांब बांध होता. श्रावणात पावसाचे पाणी आत तुंबून भात कुजू लागले की गावकरी ओहोटीच्या वेळी बांध एका ठिकाणी फोडत, पाणी खाडीत सोडत आणि भरती चढायच्या आत तोंड परत बुजवत. आजे-पणजे करत आले ते हेच. पण आदल्या वर्षी तोंड वेळेत बुजले नाही, खारे पाणी शिरले आणि शेजारच्या दोन गावांचीही खाचरे गेली. सरकारने बांध दुरुस्त करून दिला आणि मामलेदारांनी लेखी हुकूम काढला, की पुढचे पक्के बांधकाम होईपर्यंत बांधाला कोणी हात लावू नये. ज्या बारा जणांच्या जमिनी बांधाला लागून होत्या त्यांच्यावर नोटीस बजावायची होती. पट्टेवाला वैशाखात ती घेऊन गावात गेला.

आता त्या काळची एक रीत सांगते, कारण सगळे तिच्यावर फिरले. लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी आपल्या धंद्याची खूण काढी. शेतकरी नांगर काढी, वाणी तागडी काढी, बाईमाणूस बांगडी काढी. दोन-तीन रेघांचे ते चित्र असे आणि शेजारी लिहिणारा त्याचे नाव लिही. वैशाखात त्या गावचे पुरुष खाडीपलीकडे मिठागरांवर कामाला असत आणि तिथेच झोपड्या घालून राहत. पट्टेवाल्याने खाडी कशाला ओलांडायची? पाटलाच्या ओटीवर बसून पाटलाने बाराही जणांचे नांगर काढून दिले, दोन पंचांनी साक्ष घातली आणि नोटीस बजावून झाली. त्यात लबाडी आहे असे कोणालाच वाटले नाही. दरवर्षी असेच होई. पाटील मग सवडीने ज्याला त्याला सांगे, किंवा सांगायचे विसरे.

श्रावणात पाणी तुंबले. ज्याचे खाचर सर्वांत खोल होते त्या माणसाने, तिशीच्या आतलाच होता तो, दिवसाढवळ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बांध फोडला. दोघे-तिघे मदतीला होते. पाणी उतरले. पण बुजवताना कडेची ओली माती घसरली, तोंड हातभर होते ते पुरुषभर झाले आणि भरती आत आली. शेजारच्या गावाने फिर्याद दिली. खटला चालला तो लेखी हुकूम मोडल्याबद्दल, आणि चालवायला बसले ते हुकूम काढणारे मामलेदारच. सरकारी शिरस्त्याने त्यात काही चुकत नव्हते, कारण हुकूम काढला तो मामलेदाराने आणि खटला चालवत होता तो मॅजिस्ट्रेट.

त्या दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत होते. खिडकीतून आवाज येत होता.

"हा कागद बघ. ही निशाणी तुझी का?"

 बांध फोडणारा तो माणूस म्हणाला, "नांगर हाय. म्हंजे आमचाच असंल, रावसाहेब."

"आमचा नको. तुझा का, ते सांग."

"मी शेतकरी. शेतकऱ्याचा नांगरच असतंय."

मामलेदारांनी वडिलांना सांगितले, "लिहा. आरोपीला निशाणी कबूल."

वडिलांच्या बोरूची कुरकुर मला स्पष्ट ऐकू आली. त्यानंतर तो माणूस सांगू लागला, की वैशाखभर मी मिठागरावर होतो, गावात पाऊलही टाकले नव्हते, नोटीस कसली ते मला ठाऊक नाही. मामलेदार म्हणाले, "आत्ताच निशाणी कबूल केलीस आणि आता नाही म्हणतोस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ते खरेच खोटे बोलणे वाटले असावे. सहा महिने सक्तमजुरी झाली. बेड्या घालून त्याला ठाण्याच्या तुरुंगात पाठवले.

दोन दिवसांनी त्याची बायको आमच्या मागच्या दारी आली. माझ्या आईपेक्षा बरीच लहान होती. ती पायरीवर बसली, वर आली नाही.

"वैनी, भाऊसाहेब हायेत का घरान?"

वडील जेवत होते. त्यांनी आतूनच विचारले, काय काम आहे.

"नांगर आमच्या मानसान नाय काढला. पाटलान काढला. सगल्यांचाच काढला. दरसाल काढतंय."

"मग त्याने कोर्टात तसं का नाही सांगितलं?"

"त्याला वाटला, नांगर म्हंजे शेतकऱ्याचा. खोटा कसा बोलायचा सरकारसमोर?"

वडिलांनी हात धुतला आणि ते बाहेर आले. अपील करता येते, ठाण्याला टेंभी नाक्यावर अमुक एक वकील आहेत, ते गरिबांची कामे करतात, एवढे त्यांनी तिला समजावून सांगितले. तिची बहीण ठाण्यात कोपरीला दिली होती. तिच्याकडे राहून नवऱ्याला भेटता येईल आणि वकिलाकडेही जाता येईल, असे ठरले.

अपिलासाठी खटल्याच्या कागदांची नक्कल हवी होती. त्या आठवड्यात नकलांचे काम फार होते, म्हणून वडील ते दप्तर घरी घेऊन आले. पानांवर आकडे घालायचे काम माझे असे. आकडे घालता घालता ती नोटीस माझ्या हातात आली. बारा नांगर एकाखाली एक होते. मी ते बराच वेळ पाहत राहिले. सगळ्यांचे फाळ डावीकडे. सगळ्यांच्या रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला, वर एक बारीक आकडी, जशी लिहायची सवय असलेला माणूस अक्षराच्या शेवटी काढतो तशी.

मी म्हटले, "बाबा, हे बाराही नांगर एकाच हाताचे आहेत."

वडील मान वर न करता म्हणाले, "नांगराला हस्ताक्षर नसतं."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बारा नांगर एकाच बैलानं ओढले म्हणा की."

"तुम्ही दोघी गप्प बसा," वडील म्हणाले. मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "हा एक नांगर खोटा म्हटला तर तालुक्यातली निम्मी दप्तरं खोटी होतील. कुठल्या गावात पाटील काढत नाही?"

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं," आई म्हणाली.

 नक्कल वडिलांनी स्वतः लिहिली, अक्षर न अक्षर बरोबर. पण नकलेत चित्रे काढायची पद्धत नव्हती. जिथे चित्र असेल तिथे 'निशाणी नांगराची' एवढे शब्द लिहायचे. म्हणून ठाण्याच्या साहेबांसमोर जो कागद गेला त्यावर बारा वेळा 'निशाणी नांगराची' असे सुबक अक्षरात लिहिलेले होते आणि मला जे दिसले ते त्यात कुठेच नव्हते. साहेबांनी अपील फेटाळले. आरोपीने निशाणी कबूल केली आहे, दोन पंच आहेत, शंकेला जागा नाही. बांधाच्या दुरुस्तीला मंजुरी देणारेही तेच साहेब होते, हे मला पुढे कळले.

अपिलाचा निकाल कळला त्या दिवशी आईने वडिलांना पान वाढले आणि म्हणाली, "कागदाला डोळे नाहीत हे समजलं. तुम्हाला आहेत ना?"

पुढच्या रविवारी वडील ठाण्याला गेले. टेंभी नाक्यावरच्या वकिलांना त्यांनी एवढेच सांगितले, की हायकोर्टात जाल तर नक्कल दाखवू नका, मूळ कागद मागवा. सरकारी नोकराने हे सांगणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी होती. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण रात्री ते पोटभर जेवले. मला वाटले, आता तो माणूस सुटेल.

मूळ कागद हायकोर्टाने मागवले आणि ते मुंबईला गेले. तिथे कोणी ते नांगर नीट पाहिले की नाही, मला माहीत नाही. निकालात नांगराचा उल्लेखच नव्हता. न्यायमूर्तींनी पहिल्याच मुद्द्यावर खटला रद्द केला. स्वतःचा हुकूम मोडल्याबद्दलचा खटला त्याच अंमलदाराने चालवणे कायद्यात बसत नाही, दुपारी मॅजिस्ट्रेट म्हणून बसल्याने सकाळचा माणूस बदलत नाही, आरोपीला ताबडतोब सोडावे. आमचा पट्टेवाला कित्येक वर्षे दारात उभा राहून जे थट्टेत सांगत होता ते हायकोर्टाने दहा-बारा ओळींच्या इंग्रजीत सांगितले.

आता हे ताईसाठी लिहिते. असा कागद मुंबईहून निघतो तेव्हा तो तुरुंगात जात नाही. तो आधी जिल्ह्याला येतो. जिल्ह्याचे साहेब तो ज्याने शिक्षा दिली त्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात. तो मॅजिस्ट्रेट सुटकेचा वॉरंट लिहितो, सही-शिक्का करतो आणि तो वॉरंट तुरुंगात जातो. ठाण्यातली ती कचेरी आणि तुरुंग यांच्यामध्ये पायी दहा मिनिटांचेही अंतर नव्हते. पण कागद कचेरीतून निघाला तो कल्याणला आला.

पौष लागला होता. थंडीत मामलेदार तालुक्यात फिरतीवर असत. तंबू खडवलीला नदीकाठी होते. वडिलांनी लखोटा फोडला, वाचला आणि आवक बुकात क्रमांक घातला. वेगळ्या माणसाकरवी तातडीने पाठवायचे टपाल फक्त तीन कामांसाठी असे, दंगा, पूर आणि साहेबांचे येणे. सुटकेचा कागद त्यात नव्हता. वडिलांनी तो त्या दिवशीच्या इतर कागदांबरोबर, क्रमाप्रमाणे, फिरतीच्या थैलीत घातला. त्यांच्या हातून नियमाविरुद्ध काही झाले नाही.

थैली खडवलीला पोचली तेव्हा तंबू हलले होते. पट्टेवाला मागोमाग गेला. पुढच्या गावीही मुक्काम उठला होता. तिसऱ्या ठिकाणी तंबू सापडले, पण मामलेदार बांधांच्या पाहणीला गेले होते आणि संध्याकाळी आल्यावर त्यांनी थैलीतले कागद वरून खाली एकेक करत पाहिले. सुटकेचा कागद मध्यावर होता. त्यांनी तो वाचताच वॉरंट लिहून सही-शिक्का केला आणि पट्टेवाल्याला उलट पाठवले. मुंबईच्या कागदाखाली स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'हा वेगळा का नाही पाठवला?' पट्टेवाला कल्याणला परतला तो थैली निघाल्यापासून आठव्या दिवशी, सकाळी.

वडील त्याच सकाळी वॉरंट घेऊन ठाण्याला निघाले. मला मावशीकडे पोचवायचे होते, म्हणून मीही बरोबर होते. तुरुंगाच्या फाटकाबाहेर त्यांनी मला एका झाडाखाली बसवले. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. आतल्या कारकुनाने वॉरंट वाचला, रजिस्टर फिरवून त्यांच्यासमोर धरले आणि एका ओळीवर बोट ठेवले. तो माणूस हगवणीने सहा दिवस आजारी होता. आदल्या दिवशी दुपारी गेला. प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिले होते.

वडील माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी विचारले, "सुटला का?" त्यांनी नाही अशी मान हलवली आणि म्हणाले, "चल."

आम्ही कोपरीला गेलो. घर विचारावे लागले नाही, अंगणात माणसे बसली होती. ती बाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मनगटे मोकळी होती. मांडीवर वर्षाची मुलगी झोपली होती. वडिलांना पाहून तिने पदर सारखा केला.

"कागद आला का, भाऊसाहेब?"

"आला."

"मंग द्या."

वॉरंट तुरुंगात ठेवावा लागला होता. पण हायकोर्टाच्या हुकमाची एक नक्कल वडिलांनी आपल्या हाताने उतरवून खिशात ठेवली होती, तिला दाखवण्यासाठी. ती त्यांनी काढली आणि वाचून सांगू लागले.  दुसऱ्या ओळीवर त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

मी तोपर्यंत परिपत्रकांची भाषांतरे पाटीवर केली होती. माणसासमोर कधी केली नव्हती. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितले.  खटला रद्द झाला, असे मी म्हटले तेव्हा तिने विचारले, "म्हंजे गुन्हा नव्हता?"

मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "नव्हता."

"मंग आठ दीस कुठं व्हता कागद?"

तिला आठ दिवसांचे कसे कळले, मला माहीत नाही. वकिलाने सांगितले असावे. वडील म्हणाले, "फिरतीवर होता. मी पाठवला होता थैलीत."

तिच्या बहिणीचा नवरा अंगणातून म्हणाला, "कल्यानवरनं गाडीत बसला असता तर दुपारच्या आत ठान्यान पोचला असता, भाऊसाहेब." त्याने आवाज चढवला नाही.  त्या बाईने हात पुढे केला, मी कागद तिच्या हातात दिला, तिने तो घडी करून कमरेला खोचला. आम्ही निघालो.

वडिलांवर ठपका आला नाही. मामलेदारांनी त्यांना एकदाच विचारले आणि नियम पाहिल्यावर विषय सोडून दिला. मामलेदारांना वर्षभरात बढती मिळाली. वडिलांनी त्यानंतर सुटकेचा कोणताही कागद थैलीत घातला नाही, स्वतः घेऊन जात. नोटिशी बजावून आल्या की पट्टेवाल्याला समोर उभे करून विचारत, हा नांगर कोणी काढला, तू पाहिलास का. यावरून गावोगावचे पाटील त्यांच्यावर नाराज झाले. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली आणि नव्या अव्वल कारकुनाने ते विचारणे बंद केले. घरी ते या विषयावर कधी बोलले नाहीत. एकदा, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, म्हणाले, "तू म्हणालीस तेव्हा मी मान वर करायला हवी होती." मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही.

दादा, तुला दोन्ही कामे एकाच खुर्चीत करावी लागतील. ती खुर्ची तू बदलू शकणार नाहीस, माझ्या वडिलांनाही ती बदलता आली नाही. पण थैलीत काय आहे ते आधी पाहत जा, आणि ज्याच्या पायात बेडी आहे त्याचा कागद वर ठेव.

नांगराच्या निशाण्या आता गेल्या, त्यांच्या जागी अंगठे आले. त्या गावचा बांध दगडी झाला. खटल्याचे कागद ठरलेल्या मुदतीनंतर नियमाप्रमाणे जाळले गेले असणार. ती बाई पुढे वीस-बावीस वर्षे जगली आणि कोपरीतच वारली. त्या दिवशी तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी आता आजी झाली आहे. गेल्या मार्गशीर्षात मी तिला भेटायला गेले होते. माझ्या वडिलांच्या अक्षरातला तो इंग्रजी कागद तिच्याकडे आहे. घड्यांवर तो फाटला आहे, पण सगळा वाचता येतो.